डावीकडचं कुलूप

गाडीची किल्ली झिजते ती दात्यांच्या शेंड्यांवर. आधी निकेलचा पांढरा मुलामा जातो आणि खालचं पितळ डोकावायला लागतं. मग शेंड्यांचे कोपरे गोल होतात, दोन दात्यांमधली उतरण गुळगुळीत होते. हे सगळं इतकं सावकाश चालतं, की रोज किल्ली हातात घेणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाही. आधी कळतं ते कुलपाला. किल्ली पूर्ण आत जाते पण फिरत नाही. केसभर बाहेर ओढली, जराशी वर उचलली, की मग लागते. आणि घरातल्या प्रत्येकाची ती लावायची आपापली खुबी ठरून जाते. आप्पांच्या मारुती ८००ची किल्ली आप्पा एका हाताने स्टिअरिंग हलवत हलवत फिरवायचे. दादा ती एकदा आत घालून पुरती बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा आणि मगच फिरवायचा. आईला गाडी येत नव्हती, पण डिकी तिच्याशिवाय कुणालाच उघडत नसे.

पाहुण्याला गाडी द्यायची वेळ आली की किल्लीबरोबर या सूचनाही द्याव्या लागत. अशा खुब्यांचं जुन्या गाडीच्या मालकाला कौतुक असतं, हे मला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर ते दुखणं असतं, आणि उपाय हाताशी आणि स्वस्तात असताना आपण ते वर्षानुवर्षं अंगावर काढतो. गाडीचं ऑइल वेळेवर बदलणारी, टायरची हवा दर आठवड्याला तपासणारी माणसंसुद्धा किल्लीकडे बघत नाहीत. ती एक तर मोडते, नाही तर हरवते, आणि मग ऐन वेळी, मिळेल त्या भावात नवी करावी लागते.

कुलपाच्या पोटात काय चालतं ते एकदा पाहिलं की झीज म्हणजे काय ते नीट कळतं. आत एक फिरतं नळकांडं असतं, कारागीर त्याला बॅरल म्हणतात. त्यात पितळेच्या पातळ पत्त्या एकामागे एक उभ्या असतात. प्रत्येक पत्तीला मधोमध चौकोनी खिडकी आणि कडेला एक इवलीशी स्प्रिंग. किल्ली बाहेर असते तेव्हा स्प्रिंगा पत्त्यांना बाहेर ढकलतात, त्यांची टोकं भोवतालच्या खोबणीत अडकतात आणि बॅरल जागचं हलत नाही. बरोबर किल्ली त्या खिडक्यांतून आत गेली की प्रत्येक दाता आपल्या पत्तीला हवी तेवढीच सरकवतो. सगळ्या पत्त्या बॅरलच्या अंगासरशी सपाट झाल्या की ते फिरतं. एकही पत्ती उंच किंवा खोल राहिली की अडलं.

पत्त्यांची मापं ठरलेली असतात, बहुतेक गाड्यांत चार-पाचच. एका मापापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एखादा दाता पाव मिलिमीटर झिजला की तो स्वतःच्या मापाचा राहत नाही आणि शेजारच्या मापाचाही होत नाही, मधेच लटकतो. त्यातून पत्त्याही पितळेच्याच, त्यासुद्धा किल्लीच्या बरोबरीने झिजतात. फार झिजलेलं इग्निशन दोन्ही बाजूंनी वाईट: एक तर आपली किल्ली लागत नाही, नाही तर कुणाचीही लागते. इंजिन चालू असताना किल्ली अलगद उपसून हातात आलेली मी आमच्याच गाडीत पाहिली आहे. गाडी चालू, किल्ली आप्पांच्या हातात, आणि आम्ही सगळे खंबाटकीच्या घाटात.

अशा वेळी आपण काय करतो? खिशातली किल्ली घेऊन चौकात जातो आणि म्हणतो, हिच्यासारखी एक करून द्या. इथेच गाडं अडतं. किल्ली कापायच्या यंत्राला दोन जबडे असतात. एकात आपली किल्ली, दुसऱ्यात कोरी. आपल्या किल्लीवरून एक बोथट पातं चालतं आणि त्याला जोडलेलं धारदार चाक कोऱ्या किल्लीत तेवढंच खोल जातं. ते पातं फक्त पृष्ठभाग चाचपतं. मुळात तो दाता किती उंच होता, हे त्याला कसं कळणार? झिजलेल्या किल्लीवरून काढलेली नवी किल्ली चकचकीत दिसते, पण मापाने तितकीच म्हातारी असते. वर यंत्राची स्वतःची बारीकशी चूक तिच्यात मिसळते. पुढच्या वर्षी तिच्यावरून आणखी एक काढली की चुकीत चूक. लोक मग म्हणतात, बाहेरच्या किल्ल्या टिकत नाहीत. त्यात बाहेरच्या कारागिराचा दोष फार थोडा असतो. त्याच्या हातात जे दिलं तेच त्याने परत दिलेलं असतं.

आप्पांची ८०० अशाच तिसऱ्या की चौथ्या पिढीच्या किल्लीवर चालत होती. गाडी त्यांनी जुनी घेतली होती आणि घेतानाच एक किल्ली मिळाली होती. दुसरी कुठे आहे, ते आधीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. पुण्यात नाना पेठेत, जिथे गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, तिथे एका सरदारजींचं किल्ल्यांचं छोटं टपरीवजा दुकान होतं. आप्पांनी किल्ली पुढे केली. सरदारजींनी ती उजेडाकडे धरली, अंगठ्याचं नख दात्यांवरून फिरवलं आणि यंत्राच्या बाजूलाही गेले नाहीत. ‘काका, हिची कॉपी करून पैसे घेतले तर ते पाप होईल,’ म्हणाले. ‘गाडी कुठं लावलीय?’

त्यांनी ड्रायव्हरच्या दाराकडे पाहिलंही नाही, सरळ डावीकडे गेले. ‘हे दार किल्लीने कोण उघडतं?’ त्यांनी विचारलं. कुणीच नाही. आपण उजवं दार उघडून बसतो आणि आतून हात लांब करून डावीकडचा खटका वर करतो. म्हणून डाव्या दाराचं कुलूप कारखान्यातून निघालं तेव्हा जसं होतं, जवळपास तसंच राहतं. त्याच्या पत्त्यांवर गाडीच्या पहिल्या किल्लीचं माप जसंच्या तसं असतं.

पुढचा तास मी तिथेच उभी होते. काच खालीवर करायच्या हँडलच्या मागे त्यांनी फडक्याची एक पट्टी सरकवली आणि ती दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढली, तशी आतली तारेची क्लिप टण्णकन उडाली. ती कुठे पडणार हे त्यांना ठाऊक असावं, कारण डावा तळवा तिथे आधीच होता. मग दाराचं पॅड निघालं, आतलं प्लॅस्टिक हळूच सोलून बाजूला झालं, आणि कोपरापर्यंत हात दारात घालून त्यांनी कुलूप बाहेर काढलं. रॉकेलने ते धुतलं, फुंकलं. त्यांनी कोरी किल्ली घेतली, आत घातली आणि बॅरलच्या अंगावर कोणकोणत्या पत्त्या किती वर आल्या आहेत ते पाहिलं. व्हर्निअरने एक माप घेतलं, कानशीचे चार हात मारले, पुन्हा घालून पाहिली. पहिली पत्ती सपाट झाली. मग दुसरी. बोटाचं टोक ते बॅरलवरून फिरवत होते. डोळ्यांपेक्षा त्यांचा त्या बोटावर भरवसा जास्त होता. एका दात्याला कानस लागलीच नाही, एकाला बराच वेळ लागला. शेवटची पत्ती अंगासरशी झाली तेव्हा बॅरल त्यांनी काही न करता, किल्लीच्या वजनानेच फिरल्यासारखं फिरलं. त्यांनी ते मला स्वतः फिरवायला दिलं.

ही कानशीने घडवलेली किल्ली त्यांनी आम्हाला वापरायला दिलीच नाही. यंत्रात लावून तिच्यावरून दोन काढल्या, त्या दिल्या, आणि ही तिसरी वेगळ्या कागदात गुंडाळून आप्पांच्या खिशात घातली. ‘ही गाडीला लावायची नाही. पुढं कधी किल्ली करायची झाली तर हिच्यावरून करा.’ इग्निशनमध्ये तेल सोडायला त्यांनी साफ मनाई केली, कारण तेलाला धूळ चिकटते आणि आत खरजेसारखं कीट साचतं. टपरीतली पेन्सिल घेऊन त्यांनी शिसं ब्लेडने खरवडलं आणि ती पूड किल्लीवर चोळून दिली. ग्रॅफाइट कोरडं वंगण आहे, तिथे तेच चालतं. एवढ्या सगळ्याचे त्यांनी शंभराच्या काही नोटा घेतल्या.

मला या कामात काय भिडलं ते सांगते. समोर आलेली वस्तू झिजलेली आहे, फसवी आहे, हे ओळखून ती मुळात कशी होती ते त्यांनी शोधलं. नक्कल करणं सोपं होतं, आणि आम्ही तेच मागायला गेलो होतो. या कामाला आपण किती हलकं समजतो! किल्ल्या करणाऱ्यांत शिकलगार शीख समाजातली माणसं पुष्कळ दिसतात. पूर्वी हत्यारं घडवणं, त्यांना धार लावणं हा या समाजाचा व्यवसाय. हत्यारांचे दिवस गेले, तसे हेच लोखंडाचे हात सुऱ्या-कात्र्या, घमेली, कुलपं आणि किल्ल्यांकडे वळले. त्यांच्याकडे संशयाने बघणारे लोक मी पाहिले आहेत. कुलूप उघडता येणारा माणूस म्हणजे चोराचा भाऊ, असं मनात धरून बोलणारे. ज्याच्या पुढे आपण आपल्या घराची आणि गाडीची किल्ली विश्वासाने टाकतो, त्याच्याशी असं बोलणं मला सहन होत नाही.

मारुती ८००चा आणि किल्लीचा संबंध तसा पहिल्या दिवसापासूनचा. १४ डिसेंबर १९८३ला पहिली गाडी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली आणि तिची किल्ली त्यांच्या हातात इंदिरा गांधींनी दिली. ते इंडियन एअरलाइन्समध्ये नोकरीला होते. मध्यमवर्गातल्या एका माणसाला पंतप्रधान किल्ली देत आहेत, हा तो फोटो अनेकांनी पाहिलेला असेल. जानेवारी २०१४मध्ये ८००चं उत्पादन थांबलं, पण गाड्या थांबल्या नाहीत. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी करून, एका हातातून दुसऱ्या हातात, शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून वाडीवर त्या जातच राहिल्या. आणि दर विक्रीला हमखास एखादी किल्ली कमी होते. नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळतात, शिवाय किल्लीचा नंबर असलेली एक लहानशी चकती किंवा पट्टी. तो नंबर म्हणजे सगळ्या दात्यांची मापं. त्यावरून शून्यझिजेची किल्ली कधीही कापता येते, जुनी किल्ली हातात नसली तरी. लोक ती चकती शोरूमच्या रिबिनीबरोबर टाकून देतात. जुनी गाडी घेताना टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, पण दुसरी किल्ली आणि ही चकती मागणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसऱ्या किल्लीला पैशांचाही अर्थ आहे. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी सगळ्या किल्ल्या मागते. एकच दिली की प्रश्न सुरू होतात: दुसरी कुठे गेली, गाडीतच राहिली होती का. म्हणून किल्ली हरवली त्याच आठवड्यात पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी, विमा कंपनीला लेखी कळवावं आणि नवी केल्याची पावती ठेवावी. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे.

जुडग्याबद्दलही सांगायलाच हवं. घराची, कपाटाची, ऑफिसची किल्ली, वर पितळेचा गणपती, असं सगळं गाडीच्या किल्लीला लटकवायची आपल्याकडे रीत आहे. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते ओझं इग्निशनला हिसका देतं. २०१४मध्ये जनरल मोटर्सला अमेरिकेत आणि इतरत्र मिळून सुमारे २६ लाख लहान गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता, की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालत्या गाडीत बंद स्थितीकडे सरकायचा. इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅगही उघडायची नाही. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषाशी संबंधित १२४ मृत्यू मान्य केले. दोष स्विचचा होता, जुडग्याचा नव्हता. पण दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं गेलं ते हेच: रिंगमध्ये फक्त गाडीची किल्ली ठेवा.

इथवरचं सगळं साध्या पितळेच्या किल्लीचं. आता गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन चालू राहत नाही, दाते कितीही बरोबर असोत. युरोपात १९९८पासून नव्या गाड्यांना हे बंधनकारक झालं. नेदरलँड्समध्ये अभ्यासकांनी हिशोब केला, तेव्हा या एका गोष्टीने गाडीचोरीचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. हा फायदा खराच आहे आणि तो मला अजिबात नाकारायचा नाही.

पण त्याबरोबर किल्लीची किंमत शेकड्यांतून हजारांत गेली, आणि ते कुठे कुठे टाळता येतं हे लोकांना कुणी सांगत नाही. रिमोटचं बटण फाटलं, डोकं तडकलं, घडीची किल्ली खिळखिळी झाली म्हणून नवी किल्ली घ्यायची काहीच गरज नसते. नुसतं कव्हर काहीशे रुपयांत मिळतं. आतला रिमोट, पातं आणि चिप जुनीच बसवायची. मात्र चिप बहुतेकदा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते आणि जुन्या कव्हरच्या खाचेत वेगळी चिकटवलेली असते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कव्हर बदललं, जुनं कचऱ्यात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. कचऱ्याची गाडी तोवर गेली होती. रिमोट चालेनासा झाला तर आधी आतला नाण्यासारखा सेल बदलून पाहावा. आणि चिप नसलेली, फक्त दार उघडणारी एक साधी किल्ली शंभराच्या नोटेत करून पाकिटात ठेवावी. गाडी तिने सुरू होणार नाही, पण किल्ली आत राहून दार लागलं तर काच फोडायची वेळ येत नाही.

हरवलेल्या चिपच्या किल्लीला मात्र असा स्वस्त पर्याय नसतो. तिथे गाडीच्या संगणकाला नव्या चिपची ओळख करून द्यावी लागते, आणि ती करून द्यायची परवानगी आपल्याच गाडीत आपल्याकडे नसते. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. तरी माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. गाडी विकताना किल्लीचा नंबर जसा चकतीवर मिळतो, तसा नवी चिप जोडायचा गुप्त क्रमांकही मालकाला लेखी मिळायला हवा, आणि ज्यादा किल्लीची किंमत गाडीच्या किमतीशेजारी छापलेली हवी. गाडी ज्याची, तिला किल्ली कुणी करावी हे ठरवायचा अधिकारही त्याचाच.

माझ्या भाचीने यंदा जुनी हॅचबॅक घेतली, अर्थातच एका किल्लीची. सर्व्हिस सेंटरने दुसरीसाठी जो आकडा सांगितला, त्यात तिचे दोन हप्ते गेले असते. तिला घेऊन मी नाना पेठेत गेले. टपरीवर आता मुलगा बसतो, आणि कानशीशेजारी एक टॅबलेट असतो. त्याने किल्लीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘ताई, आरसी दाखवा. आणि आधार.’ भाची जरा चमकली. त्याने दोन्हींवरचं नाव जुळवून पाहिलं, वहीत नंबर, तारीख आणि तिची सही घेतली. ‘कुणाच्याही गाडीला किल्ली करत नाही आम्ही. पप्पांपासून वही आहे.’

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याने टॅबलेटची केबल जोडली. पातं नंबरावरून कापून आणलं, कोऱ्या चिपची ओळख करून दिली, आणि तिच्याकडची जुनी किल्लीसुद्धा मागून घेऊन पुन्हा नोंदवली, कारण आधीची यादी त्याने पुसून टाकली होती. ‘हरवलेली तिसऱ्याच कुणाकडे असेल, तर तिने आता गाडी सुरू होणार नाही,’ तो म्हणाला.

‘पण दार?’ भाचीने विचारलं.

‘दार उघडेल. ते पितळ आहे, त्याला मी टॅबलेटवरून काही सांगू शकत नाही. दोन्ही दारांच्या पत्त्या बदलून द्यायच्या तर रविवारी सकाळी गाडी घेऊन या. डावीकडचं पॅड काढायला वेळ लागतो, जेवणाआधी होईल.’